नदीच्या ऑफिसातला वशिला

चँडलरला माझ्या मुलीच्या घरामागून एक कालवा जातो. सिमेंटचा, सरळसोट. रोज सकाळी मी तिथे जाऊन सिमेंटवरची ओली रेघ कालच्यापेक्षा वर आहे की खाली, ते बघून येते. नात म्हणते, "आजी, इट्स जस्ट अ कॅनल." बरोबर आहे तिचं. पण ते पाणी कुठल्यातरी लांबच्या डोंगरावरचं बर्फ असतं, कुणीतरी कुठेतरी दरवाजा उचलला म्हणून आमच्या परसापर्यंत आलेलं असतं, आणि ते किती आलं हे बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. ही खोड ऐंशीच्या दशकातली आहे.

तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंग केलेलं, वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे डोक्यात भरपूर हवा. लग्न करून या परक्या देशात, पश्चिमेकडच्या एका डोंगराळ राज्यातल्या छोट्या गावात आले. नवरा तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवायचा, आणि मला नद्यांचं पाणी मोजणाऱ्या एका सरकारी ऑफिसात नोकरी लागली. गावाला लागून नदी होती. तिच्यातलं झाडून सगळं पाणी बर्फाचं, आणि गावाच्या वरच्या अंगाला एक भलंमोठं धरण.

काठावर टेलिफोनच्या बूथएवढी एक खोली होती, तिला आम्ही गेज म्हणायचो. तिच्याखाली विहीर, विहिरीत तरंगणारा डबा. नदी चढली की डबा चढायचा, आणि वर हळूहळू सरकणाऱ्या कागदावर एक पेन तेवढी रेघ वर काढायचं. शिवाय नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाड तार बांधलेली होती आणि तारेला एक लोखंडी पाळणा. त्यात बसून नदीच्या मधोमध जायचं, वाट्या फिरणारं एक यंत्र पाण्यात सोडायचं आणि कानाला हेडफोन लावून त्याची टिकटिक ऐकायची. टिकटिक जितकी भराभर, तितकी पाण्याला ओढ. मंगळसूत्र शर्टाच्या आत सारलेलं, पायांत पुरुषी बूट, आणि तोंडावर भाव असा की ही नदी मीच चालवते. नवऱ्यानं काढलेला एक फोटो आहे. तो बघितला की आजही मला त्या पोरीच्या डोक्यावर एक टपली मारावीशी वाटते.

माझं खरं काम टेबलावरचं होतं. धरण होण्याआधीचे जुने आकडे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी मांडून नदीच्या वागण्यात काय फरक पडला ते दाखवायचं. मी दोन आलेख काढून टेबलासमोर चिकटवले होते. पहिल्यात हिवाळाभर नदी मलूल, आणि मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं की उंटाच्या पाठीसारखा उंचवटा. दुसऱ्यात बाराही महिने पोळपाट. बर्फाचं पाणी धरण गिळायचं आणि वर्षभर बेताबेतानं सोडायचं. पोळपाटावर बारीक दाते तेवढे दिसायचे, कारण संध्याकाळी लोक घरी येऊन कूलर लावायचे आणि तेवढ्यापुरती धरणातली जनित्रं जास्त फिरायची. कुणीही ऑफिसात आलं की मी त्याला धरून ते दोन आलेख समजावायची. पोस्टमन नंतर नंतर टपाल दारातच ठेवून जायला लागला.

गावात पाचसहा मराठी घरं होती. त्यांतले सगळ्यांत जुने म्हणजे काका-काकू. दोघंही नागपूरकडचे, काका गावातल्या हॉस्पिटलात सर्जन. मुलं मोठी होऊन पूर्वेकडे गेलेली. नवीन येणाऱ्या प्रत्येक मराठी सुनेला पहिला कुकर घ्यायला घेऊन जायचं काम काकूंचं, आणि ती सून किती शहाणी आहे हे ओळखून गप्प बसायचं कामही त्यांचंच.

माझ्या तिथल्या पहिल्या जूनमध्ये काकूंचा फोन आला. वटपौर्णिमा आहे, नदीवर ये. मी वटपौर्णिमा करणाऱ्यांतली नव्हतेच. सात जन्म तर सोडाच, नवऱ्याला याच जन्मात सकाळचा चहा स्वतः करायला लावलेला. पण उत्सुकता होती, की या देशात काकूंनी वड कुठून पैदा केला. म्हणून गेले.

काकूंच्या घराखाली उतार होता. उतार संपला की नदीकाठची सपाट जागा, आणि तिथे एक प्रचंड कॉटनवुडचं झाड. तीन बायकांनी हात धरले तरी कवेत येणार नाही असं खोड, साल वडासारखीच खडबडीत. पानं मात्र पिंपळासारखी आणि वारा नसतानाही सळसळणारी. कोथरूडच्या एका बाईंनी त्यावर दबक्या आवाजात शंका काढली होती म्हणे, की हा फार तर पिंपळ होईल. काकूंनी सांगितलं होतं, "सात जन्मांचा मामला आहे, देव पान बघून फाईल परत पाठवत नाही." जूनमध्ये त्या झाडाचा कापूस उडतो. सगळ्या जमिनीवर, काकूंच्या शालूवर, पूजेच्या ताटातल्या पीचवर कापूसच कापूस. आंबे मिळायचे नाहीत म्हणून पीच. काकू सुताचं रीळ घेऊन फेरे घालत होत्या आणि म्हणत होत्या की बघा, आपण एक धागा बांधतो तर हे झाड केवढं सूत परत देतंय.

मी अर्थातच जीन्समध्ये, हाताची घडी घालून उभी. आणि तोंड उघडलंच. "काकू, कॉटनवुडमध्ये नर-मादी वेगळी असतात. कापूस उडतोय म्हणजे हे झाड बाई आहे."

काकूंनी फेरा पुरा केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बरंच झालं की. तिला नीट कळेल मी काय मागते ते."

काका वर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं की सातवा जन्म चालू आहे का, असेल तर पुढच्या वेळी तरी त्यांना विचारून घ्या. काकू म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? भित्र्या माणसाला कुणी विचारत नाही. हे सुईला भ्यायचे, सर्जन कसे झाले देव जाणे."

त्या हिवाळ्यात काकांना हार्ट अटॅक आला. मोठा होता. वाचले, पण घरी आले ते निम्मे होऊन. ऑपरेशनं बंद, जिने बंद, मीठ बंद. आणि पुढच्या वसंतात कॉटनवुडला पालवी फुटली ती खालच्या निम्म्या भागालाच. शेंडा तसाच काळा राहिला.

काकू माझ्या ऑफिसात आल्या. पहिल्यांदाच. मला वाटलं माझं काम बघायला आल्या, म्हणून मी उत्साहानं ते दोन आलेख त्यांच्यासमोर धरले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला असं कुणीतरी भेटलं की जिनं ते खरंच लक्ष देऊन बघितले. उंटाच्या पाठीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं की या दिवसांत पाणी कुठपर्यंत चढायचं. मी सांगितलं, तुमच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत, कधी त्याच्याही वर. आता चढत नाही, म्हणून जमिनीखालचं पाणी खोल गेलंय. म्हातारी झाडं वरून वाळतात. आणि नवीन तर उगवतच नाहीत, कारण त्यांचं बी ओल्या गाळावर पडावं लागतं, आणि पूर नाही तर गाळ नाही. मी खिडकीतून दाखवलं, की काठावर बघा, सगळी थोराड झाडं, एकही पोर नाही. मला माझ्या समजावण्याचं इतकं कौतुक वाटत होतं की समोरच्या बाईचा चेहरा बघायचं राहूनच गेलं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे धरणानं हिची कूस बंद केली. आणि आता हिलाही घेऊन चाललंय."

मग म्हणाल्या, "तू नदीच्या ऑफिसात आहेस. त्यांना सांग ना, एकदा सोडा म्हणावं थोडं जास्त. उन्हाळ्यापुरतं."

मी हसले. मी समजावलं की आमचं ऑफिस फक्त मोजतं, सोडणारं ऑफिस वेगळं. त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, अमुक पाणी शेतांना, अमुक विजेला, अमुक शहरांना. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "हो, पण ओळख असेल ना तुझी," म्हणाल्या.

ओळख म्हणजे धरणावरच्या एका माणसाचा फोनवरचा आवाज. रोज सकाळी तो मला किती पाणी सोडलंय ते सांगायचा आणि मी त्याला आमच्या गेजवर किती आलंय ते सांगायची. दुसऱ्या दिवशी मी त्या आवाजाला विचारलं. झाड म्हणायची लाज वाटली, म्हणून नदीकाठच्या वनस्पतींच्या दीर्घकालीन आरोग्याच्या दृष्टीनं वसंतात काही जादा विसर्ग शक्य आहे का, असं काहीतरी भारदस्त इंग्रजी बोलले. तो सज्जन होता. म्हणाला की मॅम, मला सांगितलं जातं आणि मी बटण दाबतो. सांगणारे कोण, विचारलं. ते दुसऱ्या राज्यात बसतात, आणि त्यांनाही कुणीतरी सांगतं. काकूंना काय सांगू ते मला कळेना, म्हणून प्रयत्न चालू आहे असं सांगितलं. मराठी माणसाला हे वाक्य कळतं. काकूंना ते वेगळंच कळलं, ते पुढे येईलच.

उन्हाळ्यात एका दुपारी मी गेजच्या खोलीत कागद बदलत होते तर दारात काका. उतार उतरून आलेले, काठीवर वाकून धापा टाकत होते. मी त्यांना माझ्या लाकडी खोक्यावर बसवलं. बराच वेळ ते पेनाच्या रेघेकडे बघत बसले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या कॉटनवुडचं प्रॉग्नोसिस काय आहे? किती वर्षं काढेल?"

मी म्हटलं, काका, तुम्ही पण?

"मी आपलं कुतूहल म्हणून विचारतोय," ते म्हणाले. "काकूला बोलू नकोस. एक तर ती मला हसेल, नाहीतर हसणार नाही."

मी सांगितलं की अशी झाडं कधीकधी पुष्कळ वर्षं काढतात, अर्धी वाळलेली असली तरी. त्यांनी मान हलवली. हेच ते स्वतःच्या पेशंटना सांगत आले असणार. उठताना म्हणाले की मंगळवारी वादळात हिची एक फांदी पडली, आणि त्या रात्री मी स्वतःची नाडी बघत बसलो होतो, इतका मूर्खपणा मी शिकाऊ असतानाही केला नव्हता.

त्यानंतरचा हिवाळा नेहमीसारखाच होता. पण वसंत आलाच नाही. एप्रिल गेला, मे निम्मा गेला, तरी वर डोंगरावर बर्फ पडतच होतं. तोवर धरण जवळपास भरलेलं होतं, कारण भरून ठेवणं हेच चांगलं असं सगळे धरून चालले होते. मग एका आठवड्यात उकाडा सुरू झाला. आभाळ निरभ्र, ढगाचा ठिपका नाही. आपल्याकडे पूर म्हणजे आभाळ आधी सांगतं. इथे लखलखीत उन्हात, टाळू तापवणाऱ्या दुपारी, वरचं सगळं बर्फ एकदम सुटलं. धरणवाल्यांपुढे दुसरा इलाज राहिला नाही. दरवाजे उघडले, सांडवा चालू झाला. आमच्या गेजमधलं पेन चढत चढत कागदाच्या वरच्या कडेला जाऊन टेकलं.

संध्याकाळी काकू दारात. हातात स्टीलचा डबा, त्यात खव्याऐवजी रिकोटा चीजचे पेढे, डोळ्यांत पाणी. "केलंस गं बाई तू. पाणी बुंध्याला लागलंय."

मी म्हटलं, काकू, मी काही केलेलं नाही, बर्फ जास्त झालं.

"हो हो," काकू म्हणाल्या. "असंच म्हणायचं असतं ऑफिसात असताना."

मी सगळं पहिल्यापासून समजावलं. धरण कसं भरलं, सांडवा कशासाठी असतो, दुसऱ्या राज्यातले ते लोक. जितकं समजावलं तितकी माझी विनयशीलता गावभर झाली. दोन दिवसांत सगळ्या मराठी घरांत माहीत झालं होतं की काकूंच्या झाडासाठी हिनं वरपर्यंत वशिला लावून धरण उघडायला लावलं. कोथरूडच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की त्यांच्या दिराच्या ग्रीन कार्डाचं काही होईल का. नवरा तर घरात आला की म्हणायचा, नळाला प्रेशर कमी आहे, जरा बोल ना कुणाशी. आणि खरं सांगू, त्या बावळट पोरीला, म्हणजे मला, आतून थोडं बरंही वाटत होतं. मी नाही नाही म्हणत होते, पण मान जरा जास्तच ताठ ठेवून.

पण पाणी थांबेना. खालच्या बाजूला ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरांत, राहणारी माणसं होती, त्यांना हलवलं. तळघरं भरली. शाळेच्या व्यायामशाळेत खाटा लागल्या. मी दिवसातून दोनदा पाळण्यातून नदीवर जात होते. खालून अख्खी झाडं, कुंपणाचे खांब, एकदा तर कुणाचं पिवळं सोफा-कुशन वाहत गेलं. हेडफोनमधली टिकटिक इतकी भराभर चाललेली की वेगळी ऐकूच येईना, नुसता एक लांब आवाज. मी ते सगळं नीट नोंदवत होते. जुन्या आलेखातला उंट डोळ्यांदेखत परत आला होता, आणि त्याच्याकडे बघत राहण्यापलीकडे मला काहीच येत नव्हतं.

मग काकूंचा फोन. "आता पुरे म्हणावं त्यांना. झाडाखालची माती चाललीय."

मी म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार? धरणावरच्या आवाजाला मी त्या सकाळी विचारलंही, की कमी कधी होईल. तो म्हणाला, "आय विश आय न्यू, मॅम." त्याचाही आवाज झोप न झालेल्या माणसाचा होता.

त्यातच वटपौर्णिमा आली. सपाटीवर पाणीच पाणी, झाड मधोमध उभं, चारी बाजूंनी गढूळ ओढ. आम्ही सगळ्या उतारावर वरच थांबलो. काकू नऊवारी नेसून, ताट घेऊन. काकाही उभे होते, खुर्ची नको म्हणाले. फेरे कुठे घालणार? काकूंनी रिळाचं टोक अंगणातल्या कुंपणाच्या खांबाला बांधलं आणि रीळ हातात धरून झाडाकडे बघत उभ्या राहिल्या. मी त्यांच्या शेजारी. त्या दिवशी मी साडी नेसले होते, का ते विचारू नका, मलाच माहीत नव्हतं.

काकूंनी हळूच विचारलं, "तुझ्या त्या माणसाला आत्ता फोन लावलास तर?"

मी नकारार्थी मान हलवली.

त्यांना तेव्हा कळलं, मला वाटतं. पेढे, वशिला, प्रयत्न चालू आहे, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं. रागावल्या नाहीत. माझ्या पाठीवर हात ठेवला, जसं काही माझंच काहीतरी बुडत होतं.

झाड पडलं तेव्हा फार आवाज झाला नाही. आधी ते जरासं वाकलं, काहीतरी ऐकायला वाकावं तसं, मग मुळांचा एक मोठा काळा पंखा पाण्याबाहेर आला आणि सगळंच्या सगळं आडवं होऊन चालू लागलं. खालच्या फांद्या हिरव्यागार होत्या. कापूस उडतच होता. वळणावर दिसेनासं होईपर्यंत आम्ही बघत राहिलो.

काकाच बोलले. "चला, सुटलो. आता पुढच्या जन्मी मी मोकळा."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं फक्त. काकांनी त्या नजरेला हसून उत्तर द्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

त्यानंतरच्या दिवसांत काकांनी काकूंना गोष्टी शिकवायला घेतल्या. घर तापवणारा फर्नेस विझला तर कसा पेटवायचा, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, फ्रीवेवर गाडी कशी घालायची. काकू चाळीस मैलांच्या वेगानं फ्रीवेवर जायच्या आणि मागचे हॉर्न मारायचे. काका शांतपणे सांगायचे, घाई करू नकोस, त्यांना जाऊ दे. मी मागच्या सीटवर बसलेली असायची, कारण काकूंना मी हवी असायची. का हवी ते त्यांनी सांगितलं नाही. शिकवणं कशासाठी चाललंय हे त्या गाडीत तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही साइड मिररबद्दल बोलत होतो.

जुलैत पाणी जरा ओसरलं आणि काठावर गाळाचा पट्टा उघडा पडला. एका सकाळी काकूंनी मला बोलावलं. त्या गाळात गुडघे टेकून बसल्या होत्या. गाळावर सगळीकडे इवलीशी रोपं, दोन-दोन पानांची, मेथी पेरल्यासारखी. वरच्या अंगाच्या झाडांचा कापूस येऊन रुजला होता. आमच्या ऑफिसातल्या जुन्या माणसांनीही तिथे असं काही बघितलं नव्हतं.

काकूंनी विचारलं, "हीच ना?"

हो, म्हटलं, हीच. आणि मग मला गप्प बसता आलं असतं, पण नाही. पुस्तकात वाचलेलं सांगून टाकलं, की पाणी हळूहळू उतरलं, रोज बोटभर, तर यांची मुळं पाण्याच्या मागोमाग खाली जातात आणि जगतात. एकदम उतरलं तर वरच्या वर वाळतात.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. या वेळी सांग ना त्यांना, असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सांगून उपयोगही नव्हता. अख्खं गाव पाणी उतरायची वाट बघत होतं. ट्रेलरवाल्यांना घरी जायचं होतं, तळघरं उपसायची होती. एका मराठी काकूच्या मेथीसाठी नदी चढती ठेवा, हे कुणाला आणि कुठल्या तोंडानं सांगणार? तरी मी सकाळच्या फोनवर त्या आवाजाला विचारलं, आणि या वेळी भारदस्त इंग्रजी नाही वापरलं. म्हटलं, इथे रोपं आली आहेत, जरा हळू उतरवता येईल का? तो म्हणाला की आज दुपारी दरवाजे बंद करायला सांगितलंय. गावात त्या दुपारी लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाड्यांचे हॉर्न वाजवले. गेजच्या खोलीत मी पेनाकडे बघत उभी होते. रेघ कड्यावरून खाली सोडल्यासारखी उतरली आणि तळाशी जाऊन परत पोळपाट काढायला लागली.

गाळ तडकला. रोपं आठवड्याभरात पिवळी पडली. काकूंनी त्यातला अंगणाएवढा एक तुकडा धरला आणि घरून बादल्या आणायला सुरुवात केली. वरून अंगणातल्या नळाचं पाणी, उतार उतरून खाली. काकांना वजन उचलायची बंदी, म्हणून ते देवघरातला तांब्या भरून आणायचे. काकू ओरडायच्या, ते आणायचेच. दोघं तिथे बसून भांडायचे की कुणाला जास्त घातलं, कुणाला कमी. बरीचशी गेली. थोडी राहिली, दाटीवाटीनं, घोट्याएवढी झाली, मग गुडघ्याएवढी.

काका तो हिवाळा काढून गेले. पुढच्या वसंतात, झोपेत. मुलं आली, सगळं केलं, आईला बरोबर चल म्हणाली. काकू म्हणाल्या, थोडे दिवस थांबते. सगळ्यांना वाटलं घर आवरायचं असेल.

वटपौर्णिमेला मी त्यांच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, नवीन नवीन समजूतदार झालेल्या माणसाचं होतं तसं. घरात काकू नव्हत्या. उतारावर बघितलं तर दोन हातांत दोन बादल्या, पदर खोचलेला, खाली चाललेल्या. मी धावत जाऊन एक बादली घेतली.

त्यांनी माझं तोंड बघूनच ओळखलं. "काहून म्हणून विचारू नकोस," म्हणाल्या. "ते गेले, पण यांना मी सवय लावलीय पाण्याची. आता मधेच कसं सोडू?"

आम्ही पाणी घातलं. रोपांच्या पलीकडे नदी सपाट वाहत होती, धरणानं सोडलं तेवढी. काकूंनी रिकामी बादली नदीत बुडवून अर्धी भरून घेतली आणि तीही रोपांना ओतली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं मी घेतलंय. ऑफिसात गेलीस की धर हो मोजणीत. नाहीतर म्हणतील, नागपूरच्या बाईनं पाणी पळवलं."

"धरते, काकू," मी म्हटलं.

अर्ध्या बादलीनं ते पेन केसभरही हलत नाही. काकूंनाही ते ठाऊक असणार. मी त्यांच्या हातातली बादली घेतली आणि पुन्हा भरायला वाकले.